आमदार निवडता निवडता

चहा होऊन राह्यला तवरक बसा. हसाचं असन तं आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी जे सांगणार आहो ना, ते ऐकून माह्या सख्ख्या बहिणीनं फोन ठेवून देला होता. हसू आवरत नव्हतं तिले.

आमी मूळचे चंद्रपूरचे. यायची बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याले झाली आन आमचं बिऱ्हाड इकडं आलं. मी, आमचे हे, आन सासूबाई. मी घरीच ब्लाऊज शिवते. इथं आल्याबरोबर मी पह्यलं काम कोणतं केलं असन? मतदार यादीत नावं बदलून घेतली. हे म्हणे घाई काय आहे. मी म्हटलं, आहे घाई.

आता घाई काऊन, ते आयका. लग्नाआधी बाबा सांगे, त्या चिन्हावर शिक्का. लग्नानंतर हे सांगत, त्या चिन्हावर बटण. इतक्या वर्षांत माह्यं स्वतःचं मत असं मी एकदाही देलं नाई. यावेळी आमदारकीची निवडणूक आली आन नेमकी यायची ड्यूटी लागली, दूर जंगलातल्या बूथवर. यायनं आपलं मत ड्यूटीवाल्यायच्या टपाली मतपत्रिकेवर आधीच टाकून देलं होतं. म्हणजे घरात सांगणारं कोणीच नाई! मले इतका आनंद झाला का विचारू नका. जाताना हे फक्त म्हणाले, "सकाळीच जाऊन या दोघी, उशीर नका करू." मी मनात म्हटलं, झालं यायचं सुरू. मत कवा टाकाचं तेही हेच सांगणार.

सासूबाईचं निराळंच. त्यायच्यासाठी मत टाकणं म्हणजे विहारात वंदनेले जाणं. पांढरं लुगडं नेसाचं, आन मत टाकल्याशिवाय पोटात अन्न घ्याचं नाई. जन्मात एक मत चुकवलं नाई बाईनं. गुडघे धरले म्हून आता एकटीनं चालवत नाई, इतकंच. त्या मले म्हणाल्या, "आधी तुह्या सासऱ्यानं सांगतलं, मंग पोरानं सांगतलं. आता तू सांग. पण बरोब्बर पाहून सांग हो."

पाहून सांग! बस, एवढ्यानं मी पेटली. एक नाई, दोन मतं आली ना माह्या हातात.

मी सगळ्या उमेदवारायले एकच प्रश्न विचाराचं ठरवलं. बारावी झालेल्या पोरीले पुढं शिकाचं असन, तं गडचिरोलीले तिनं राहाचं कुठी? माह्याकडं ब्लाऊज शिवाले येणाऱ्या बायायच्या घरोघरी हा घोर होता. म्हटलं, जो याचं सरळ उत्तर देईन, त्याले आपलं मत.

पह्यले भाऊ आले. पांढरे कपडे, हात सदा जोडलेले. माह्या प्रश्नावर म्हणाले, "पाहून घेतो ताई." शेजारच्या तुळसाबाईनं नळाचं सांगतलं. "पाहून घेतो." तिच्या म्हाताऱ्यानं हत्तीयनं धान तुडवलं ते सांगतलं. "तेही पाहून घेतो." मी तिथंच त्यायचं नाव पाहूनघेतो ठेवलं आन नापास केलं. खरं सांगते, शाळेत बाईनं मले जितक्या जोरात नापास केलं होतं, त्याहून जोरात केलं.

दुसरा तरणाताठा, शिकलेला. बोले इतकं फटाफट का उत्तर कवा संपलं आन घोषणा कवा सुरू झाली तेच समजे नाई. तिसऱ्या एक ताई होत्या. त्या माह्या पायरीवर बसल्या, पाणी पेल्या आन म्हणाल्या, वसतिगृह काढणं माह्या एकटीच्या हातात नाई, पण भांडीन मात्र. मले पटलं. पण लगेच वाटलं, आपल्याले ताई आवडली ते बाई आहे म्हून, का खरंच चांगली आहे म्हून? असं चालते का? निष्पक्ष नको राहाले?

मंग काय, झाली माह्यी तुलना सुरू. सभेले जाये, मोबाइलवर भाषणं आयके, चंद्रपूरच्या बहिणीले फोन करून तिचं डोकं खाये. भाषण आयकता आयकता एका मास्तरणीच्या ब्लाऊजची उजवी बाही डाव्या बाजूले लावली. ते घालून तिले फळ्यावर लिहाले हात वर होईना. मी तिले म्हटलं, थांबा ओ बाई, इथं आमदार निवडणं सुरू आहे.

शेवटच्या दोन दिवसांत एक गाडी भोंगा लावून गल्लीतून फिरे. मी तिचा आवाज आला का मशीनची मोटर जोरात सुरू करून दे. म्हटलं, कोणाचा प्रचार आपल्या कानात शिराले नको.

मतदानाचा दिवस उजाडला. सासूबाई आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून खुर्चीत तयार. फक्त काळा चहा पेल्या. आन माह्यं काही ठरून नाई राह्यलं! पोरगा का ताई, ताई का पोरगा. मी म्हटलं, आई, आपण आरामात चार वाजता जाऊ. सहापर्यंत असते मतदान. तवरक गर्दीही ओसरते.

त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तसं." बिचाऱ्या!

आता पाहा हं गंमत. सकाळीच तुळसाबाई आल्या, बोटाले शाई लावून. म्हणे, बाई, जाऊन या ना लवकर. तुळसाबाईचा पोरगा पाहूनघेतोच्या प्रचारात. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हून घाई का! मी गोड हसून त्यायले वाटे लावलं.

मंग दोरा आणाले रशीदभाईच्या दुकानात गेली. तो अर्धं शटर लावून बसला होता. म्हणाला, "भाभी, अजून गेल्या नाई? जल्दी निघा ना." त्याच्या दुकानावर इतके दिवस त्या शिकलेल्या पोराचा झेंडा. मी म्हटलं, भाई, मतदान गुप्त असते, तुमी तुमचा दोरा विका. त्याचं तोंड इतकंसं झालं. घरी येऊन मी सासूबाईले सांगतलं, पाहा, कशा लोकायच्या घायकुत्या चालल्या. आपलं मत म्हणजे सोनं झालं आहे आज.

दुपारी तुळसाबाई पुन्हा हजर. या बारीनं ऑटो घेऊन! म्हणे, म्हातारीले चालवणार नाई, माह्या पोराचा ऑटो उभा आहे, बसा दोघी, आत्ता चला. माह्यं डोकंच फिरलं. उमेदवाराच्या माणसाच्या गाडीत बसून मत टाकाले जाऊ मी? मी दारातच उभी राहून त्यायले लोकशाही समजावून सांगतली. आजूबाजूच्या दोन बाया आयकाले जमल्या, म्हून जरा जास्तच सांगतली. तुळसाबाई काही बोलाले गेल्या, पण मी बोलू देईन तवा ना. शेवटी त्या ऑटोवाल्याले म्हणाल्या, "चाल बापा, यायचं यायले माहीत."

आन त्या भांडणातच माह्यं ठरलं. ताई! म्हटलं, भांडणारीच पाहिजे. हलकं वाटलं एकदम. सासूबाईच्या कानात चिन्ह सांगतलं. आंघोळ केली, ठेवणीतली साडी नेसली, पावडर लावली. स्वतःच्या मनानं पह्यलं मत टाकाले चालली होती मी, काऊन नाई नटू? सासूबाईचा हात धरून निघाली तवा साडेतीन झाले असन. रस्ता सुनसान. मी म्हटलं, पाहा आई, कशी गर्दी टाळली!

शाळेचं फाटक बंद. आत माणसं यंत्रायले सील लावून राह्यली होती. फाटकावर एक तरणा पोलीस. मी त्याले म्हटलं, उघडा भाऊ, जेवाची सुट्टी झाली असन तं आमी थांबतो.

तो आधी माह्याकडं पाहे, मंग माह्या साडीकडं. म्हणाला, "ताई, तीन वाजता संपलं मतदान."

मी त्याले कायदा शिकवाले लागली. सहापर्यंत असते म्हटलं, मी काय पह्यल्यांदा मत टाकून राह्यली का? त्यानं शांतपणे इचारलं, तुमी कुठल्या. मी म्हटलं चंद्रपूर. तो म्हणाला, "तिकडं सहा. आपल्या इकडं जंगलाचा, नक्षल्यायचा भाग, यंत्रं नेणाऱ्यायले आन बंदोबस्ताच्या पोलिसायले उजेडात वापस जावं लागते. इथं दर बारीले तीनच असते. दोन दिवस सरकारी गाडी भोंगा लावून सांगून राह्यली होती ना, आयकलं नाई का?"

आयकलं कुठून! मोटर नव्हती का सुरू?

रशीदभाईचं उतरलेलं तोंड आठवलं. तुळसाबाई आठवल्या. मले धरणी फाटून आत जावं वाटलं. पण सगळ्यात जास्त वाईट सासूबाईचं वाटलं. त्या फाटकाजवळच्या ओट्यावर टेकल्या, लुगड्याची निरी नीट केली, आन मले म्हणाल्या, "सुनबाई, मत तं झालं नाई. मंग आता मी जेवू का नको?"

मी तिथंच रडली. पोलिसानं पाणी आणून देलं.

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवरून आले. आंघोळ करून जेवाले बसले आन मोठ्या रंगात येऊन सांगू लागले. त्यायच्या बूथवर म्हणे तीन वाजून गेल्यावर एक बाई आली, चांगली नटूनथटून. "काय एकेक लोक असतात! मी साफ सांगतलं, जा घरी." मी भाजी वाढली. यायनं दोघींची बिनशाईची बोटं पाहेपर्यंत माह्या घशाखाली घास उतरला नाई. पाहल्यावर तं यायच्याही नाई उतरला.

निकाल लागला. कोण आलं असन? पाहूनघेतो! आमच्या गल्लीतून मिरवणूक निघाली, गुलाल, ढोल, सगळं. भाऊ प्रत्येक दारात हात जोडून थांबत होते. आमच्याही दारात आले आन मले म्हणाले, ताई, तुमच्यासारख्या मायबहिणीयनं साथ देली म्हून निवडून आलो.

मी तोंड उघडाच्या आत सासूबाई खुर्चीतून उठल्या. गुडघे धरले असताना उठल्या हो! म्हणाल्या, "साथ तं अशी देली भाऊ आमच्या सुनेनं का कोण देईन. तुमच्या विरोधातली दोन मतं दिवसभर घरात बसवून ठेवली, बाहेर पडू देली नाई."

सारी गल्ली हसली. तुळसाबाई तं भिंत धरून हसल्या. भाऊले काय समजलं कोणास ठाऊक, त्यायनं आपल्या गळ्यातला हार काढून माह्या गळ्यात घातला. कोणीतरी फोटो काढला. मीही गुपचूप घालून घेतला. नाई म्हणाले तोंड कुठी होतं? त्यायच्या त्या अख्ख्या प्रचारात माह्याएवढी मेहनत कोणी केली होती?