इंजिन बंद पडलं की

आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं की माझा नवरा बोलायला लागायचा. एरवी त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. त्यामुळे त्याच्याकडे खलाशी टिकत नव्हते, आणि म्हणून आमच्या मुरुडात बायका मासेमारीला जात नसताना मी जायला लागले. लोक हसले. हसू देत. मासळी कोणी तरी धरायला हवी होती.

इंजिन जुनं, हँडल मारून चालू करायचं. त्याच्या आवाजात शेजारच्याची शिंक ऐकू येत नसे. खोल पाण्यात गेलं की काही ना काही व्हायचंच. पट्टा तुटायचा, पंप पाणी ओढायचा नाही. बहुतेकदा डिझेलची नळी चिरायची, तिच्यात हवा शिरायची आणि इंजिन गचके देऊन थांबायचं. मग आम्ही शीड चढवायचो. मी सुकाणू धरायची, तो पाना घेऊन खाली वाकायचा. चिरेत माझा कपड्यांचा साबण दाबायचा आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा.

"मी कपडे कशाने धुवायचे?"

"राखेनं धू."

हात डिझेलमध्ये गेले की त्याचं तोंड उघडायचं. एकदा म्हणाला, "तुला बघाया आलो तवा तू वर बघितलंच न्हाय गो."

"बघितलं. तुमच्या पायात दोन तऱ्हेच्या चपला होत्या."

"एक मैतराची होती," म्हणाला आणि हसला. तो हसलेला मी समुद्रातच बघितला.

असंच एकदा राजपुरीच्या खाडीकडे परत येताना बंद पडलं. वारा बेताचा होता. नळी बांधता बांधता तो सांगायला लागला, "लग्नाआधी मी उरणला मिठागरावर कामाला पळून गेलो व्हतो. परत यायचं न्हाय, असंच ठरवलं व्हतं. मग एक दिवस..." बोलता बोलता त्याने हँडल मारलं, आणि मेलं इंजिन नेमकं तेव्हाच चालू झालं. पुढचं ऐकू आलं नाही. त्याचे ओठ थोडा वेळ हलत होते, मग तेही थांबले.

तो परत का आला, ते मला हवं होतं. आला नसता तर मी दुसऱ्या कोणाच्या घरी असते. घरी विचारलं की "जुनं काय काढतेस" म्हणून उठून जायचा. मी पुढच्या बिघाडाची वाट बघत राहिले. तेवढ्यात आमच्या कमावत्या झालेल्या मुलाने होडीला नवीन इंजिन बसवलं. ते बंद पडेना. मग नवरा आजारी पडला आणि गेला.

मागच्या महिन्यात मुलाला म्हटलं, मला होडीवर ने. "गुडघे बघ तुझे, आये," म्हणाला, पण नेलं. खाडीच्या तोंडाशी मी त्याला इंजिन बंद करायला लावलं. पाणी होडीला लागत होतं, तेवढाच आवाज.

"काय बिघडलं?"

"काय न्हाय. बापाने तुला उरणचं कधी काही सांगितलं का? तिथून परत का आला?"

"बाबा उरणला व्हता?" तो म्हणाला. "मला कवा काय सांगितलं त्यानं? बोलायचा तो तुझ्याशीच."

याने माझं समाधान झालं नाही. मला त्याचं उरलेलं बोलणं हवं होतं. होडी थोडा वेळ वाहत राहिली. मग तो म्हणाला, "आये, वारा बदलतोय," आणि त्याने चावी फिरवली. इंजिन लगेच लागलं.