चवीचं फळ

आमच्या कपिलधारकडच्या डोंगरात सीताफळ कुणी लावलेलं नाही, ते आपलं आपण येतं. आम्ही बायका सकाळी पाट्या घेऊन वर चढतो आणि डोळे उघडलेली फळं तोडतो. फळावरच्या फुगीर डोळ्यांमधल्या भेगा पांढुरक्या झाल्या, की डोळे उघडले म्हणायचं. असं फळ हाताला कडक लागतं, पण दोन-तीन दिवसांत पिकतं. त्यामुळे आमचा माल पुण्या-हैदराबादच्या पलीकडं कधी गेलाच नाही. उरलेला मांजरसुंब्याच्या नाक्यावर बसून मातीमोल विकायचा.

अशात कृषी खात्याचे साहेब आमच्या बायकांच्या बचत गटाच्या बैठकीला आले. ताश्कंदच्या व्यापाऱ्यांना भेटायला शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ निघालंय, तुमच्यातली एकजण चला, म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला पाठवा साहेब, ही लई भांडखोर हाय. भावात मागं सरायची न्हाई." ही स्तुती की काय, मला अजून कळलेलं नाही. पण बाहेरच्या देशातलं एक गिऱ्हाईक घेऊनच यायचं, असं मी त्यांना कबूल केलं.

नमुन्याच्या पेट्या भरल्या आमच्या चाचांनी. बीडच्या बाजारात त्यांचा फळांचा गाळा आहे आणि माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमचा माल तेच घेतात. साहेबांनी त्यांना बजावलं, सगळी फळं कडक पाहिजेत, पिकलेलं एकसुद्धा नको. चाचा मान डोलावत "हाव, हाव" म्हणाले.

ताश्कंदला एका मोठ्या दालनात आमची टेबलं मांडली होती. एका बाजूला डाळिंबवाले, दुसऱ्या बाजूला हळदवाले. माणसं अनोळखी, पण कानावर पडत होतं मेहमान, बाजार, चाय, अनार. बोलण्याची ढब वेगळी, शब्द मात्र आपल्या बीडच्या बाजारातलेच! माझा जीव भांड्यात पडला. मग नक्षीची टोपी घातलेला एक वयस्क व्यापारी दुभाषी मुलीला घेऊन आमच्या टेबलाशी आला. फळांची मोठमोठी दुकानं होती म्हणे त्याची. मी ऐटीत पेटी उघडली.

आधी वास आला. सगळी फळं पिकून मऊ झाली होती, बोट लावलं तर आत जात होतं. दुसरी पेटी उघडली, तिचीही तीच गत. प्रत्येक पेटीत मधोमध उर्दू पेपरात गुंडाळलेलं एक फळ, पार काळं पडलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचा प्रत्येक पेटीत एक पिकलेलं फळ ठेवतात, चवीचं. गिऱ्हाइकानं ते खाऊन बघावं आणि मग बाकीचं घ्यावं, असा त्यांचा आयुष्यभराचा नेम. कडक माल मागितला तर त्यांनी कडकच भरला, पण चवीचं फळ त्यांनी त्यात धरलंच नसणार. बंद पेटीत एका पिकल्या फळानं बाकीच्यांनाही पिकवलं.

अस्सा राग आला! "चाचा, मातेरं केलंत हो," मी मोठ्यानं म्हणाले. साहेब कुजबुजले, "ताई, झाका ती पेटी." पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? वास तर दालनभर पसरला होता. मी एक फळ फोडलं, चमच्यासकट त्या व्यापाऱ्यापुढं ठेवलं आणि दुभाषी मुलीला म्हणाले, "जे झालंय ते जसंच्या तसं सांग बाई ह्यांना."

त्यानं खाल्लं. "शिरीन," म्हणाला; म्हणजे गोड, मुलीनं सांगितलं. बिया तळहातावर काढल्या, दुसरं फळ मागितलं. चाचांची गोष्ट ऐकून तो खो खो हसला. त्याचे वडील खरबुजं विकायचे आणि गिऱ्हाइकाला एक फोड खाऊ घातल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यानं सांगितलं. लगेच त्याचा चेहरा व्यापाऱ्याचा झाला. म्हणाला, "असा माल दुकानात चालणार नाही. थोड्या पेट्या विमानानं कडक पाठवा. कडक पोचल्या तर पुढचं बोलू. आणि तुमच्या चाचांना सांगा, चव पोचली. आता पेटीत घालू नका."

मी परत आले ती थेट गाळ्यावर गेले. भांडायची सगळी तयारी करूनच गेलते. पण चाचांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ते मान खाली घालून बसले होते. "भाभी, माझ्या हातानं तुमचं वाटोळं झालं. आता दुसऱ्याकडून भरून घ्या."

"दुसऱ्याकडून कावून? तिकडच्या म्हाताऱ्यानं निरोप दिलाय तुम्हाला. चव पोचली म्हणलाय." चाचांनी उपरण्यानं डोळे पुसले. माझं भांडण तोंडातच राहिलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

पेट्या भरायच्या दिवशी गटातल्या सगळ्याजणी चाचांच्या हाताकडं टक लावून बसल्या होत्या. शेवटचं कडक फळ बसवलं, की चाचांचा हात सवयीनं पिकल्या फळाकडं जायचा आणि थांबायचा. शेवटी त्यांनी ते फळ फोडून आम्हालाच वाटलं. "चाखल्याबिगर पेटी बंद करायची न्हाई." प्रत्येक पेटीला एक फळ! त्या संध्याकाळी घरी कुणालाच जेवण गेलं नाही.

मग ताश्कंदहून दुभाषी मुलीचा फोन आला. माल कडक पोचला, हंगाम संपायच्या आत आणखी पाठवा. मी नाचतच गाळ्यावर गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिकल्यावर गोड निघाला का, ते विचारलं का?"

ते मी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला परत फोन लावायला लावला. पलीकडं तो म्हातारा शेजारीच होता. मुलीनं विचारताच त्याचा आवाज आला, "शिरीन! शिरीन!"

चाचांना दुभाषी लागला नाही.