मुराळ्याचं गाणं

पहिल्यांदा तो व्हिडिओ बघितला तेव्हा मला हसूच आलं. गाण्यातली बहीण सासरी उन्हात उभी आहे. "बांधवर उभी मी, भाऊनी वाट देखस," असं ती म्हणते. आणि चित्रातली बहीण उंच टाचांच्या चपला घालून, खड्यांची साडी नेसून, केस उडवत उभी! अशी साडी नेसून बांधावर कोण जातं? इथे गुजरातेत, पांडेसऱ्यात घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवण्यात माझी वीस वर्षं गेली, मला विचारा. पदर एकदा काट्यात अडकला की निम्मे खडे मातीत. शब्द म्हणतात पाय भाजले, आणि कॅमेरा दाखवतो नेलपॉलिश.

गाणं माझ्या धाकट्या भावाने केलेलं. तो गावाकडे बँड चालवतो आणि हल्ली अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढतो. शब्द मात्र माझे आहेत. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात. मी दहा-अकरा वर्षांची असताना गल्लीतल्या माहेरवाशिणी झोक्यावर बसल्या की त्यांच्यासाठी ओळी जुळवायचे, आणि हा माझ्या मांडीवर बसून बोबड्या बोलात त्या म्हणायचा. व्हिडिओच्या शेवटी नावं येतात. गायक, संगीत, कॅमेरा, सगळे आहेत. गीत : पारंपरिक. म्हणजे मी.

राग आला, खोटं कशाला सांगू? पण तरी दुसऱ्यांदा लावला, मग तिसऱ्यांदा. नवरा सकाळीच कापड रंगवायच्या मिलमध्ये जातो, मुलगा पलीकडच्या सचिन गावातल्या कारखान्यात. दिवसभर मी आणि साड्यांचा ढीग. पूर्वी गल्लीत आमच्याकडच्या चार बायका होत्या, दुपारी ओट्यावर बसून अहिराणीत एकमेकींची टिंगल चालायची. एकेक करून त्या लांबच्या सोसायट्यांत राहायला गेल्या. आता समोरच्या बाईशी माझं हिंदीत दोन शब्द होतात, तेही पाणी आलं का इतकेच. मुलगा घरी आला की माझ्या मोबाइलमध्ये डोकावून गुजरातीत म्हणतो, "मम्मी, फरी ए ज?" पुन्हा तेच का म्हणून. त्याला काय सांगणार? मला एकटं वाटतं, असं मुलाला सांगायची आमच्यात रीत नाही.

आणि दुसरीही एक रीत आहे. लेक आपली आपण आखाजीला माहेरी जात नाही. बाप नाहीतर भाऊ तिला घ्यायला येतो, तो मुराळी. बाबा गेले त्या वर्षी भावाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. वडिलांच्या शेतातला माझा वाटा मी राजीखुशीने सोडला, असं लिहून द्यायचं. मी नाही म्हटलं नव्हतं. "विचार करून सांगते," एवढंच म्हटलं. तेवढ्यावर चार आखाज्या कोरड्या गेल्या. फोन येतात, माय "जेवनी का?" विचारते. कधी येशील, हे कुणी विचारत नाही.

म्हणून तर दुसऱ्या कडव्यात माझा हात थांबला. गाण्यात मुराळी येतो आणि चित्रात आमचंच घर येतं. ओटा तोच, दाराला निळा रंग नवा दिलेला. मोटारसायकलवरून ती खड्यांची साडी उतरते आणि दारात माय उभी. खरी माय, माझी. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेक आली की दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकतात, मगच ती आत जाते. माय तुकडा ओवाळते. गोंदलेल्या हाताची नस न् नस मला ओळखू येते. पण ती त्या पोरीकडे बघतच नाही. तिच्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे बघते. आणि तुकडा टाकायच्या आतच चित्र बदलतं, एकदम झोका आणि नाच.

दिवसभरात किती वेळा मागे घेऊन बघितलं, देव जाणे. अख्ख्या व्हिडिओत शब्द आणि चित्र तेवढ्याच ठिकाणी जुळलं होतं, असं मला वाटलं. गाणं भावाचं, घर आमचं, माय रस्त्याकडे बघणारी. मी मनाशी ठरवूनच टाकलं की त्याने तोंडाने बोलवता येत नाही म्हणून असं बोलावलंय. पंधरा दिवस वाट बघितली. आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा न राहवून मीच फोन लावला.

"आक्का, गानं देखं का?" तो खूश होता.

"देखं. मायनं टुकडा टाकं, ते काबर कापं?" ते का कापलंस, म्हणून मी विचारलं.

तो हसायला लागला. "कापाले तिनं टाकं तर पाहिजे! चार डाव लिधं, टाकेच ना. म्हने, मनी पोर उनी म्हंजे टाकसू."

माझी पोर आली म्हणजे टाकीन. कॅमेऱ्यासमोर चार वेळा तिने हेच सांगितलं, आणि याला तो गमतीचा किस्सा वाटला होता. मला रडू फुटलं. मग, मला घ्यायला ये असं जे मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, ते विचारलं, "तू माले लेवाले येशी का?"

मग तो हळूच म्हणाला, "कागदनं काय मंग?"

हातातला खडा तसाच बोटाला चिकटून वाळला होता. "करी दिसू सही," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो आला. किती वाळली गं, म्हणाला, चहा घेतला, घर बघितलं. मग काखेतली फाइल खाली न ठेवताच बोलला, "पहिले तालुकाले उतरसूत, सहीनं काम करसूत, मंग घर जासूत. पिशवी भरी ले."

पिशवी पंधरा दिवसांपासून भरून ठेवली होती. ते मी त्याला सांगितलं नाही. आत जाऊन, भरायला लागेल तेवढा वेळ नुसती उभी राहिले.