सरकारी खर्चानेच! : डॉ. कुसुम रणवरे यांच्या साठीनिमित्त

डॉ. कुसुम रणवरे आमच्या इंदापूर तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात रुजू झाल्या, तो दिवस मला चांगला आठवतो. उंचीने बेताच्या, आवाजाने त्याहून बेताच्या. बारामतीहून एसटीने आल्या, पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आहे की नाही हे पाहिलेसुद्धा नाही. टॉवेल न मागणारा वैद्यकीय अधिकारी आमच्याकडे फार दिवस टिकत नाही. 'लवकरच बदली करून घेतील,' असे मी बाकीच्या सिस्टरांना सांगूनही टाकले. मॅडम निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या आणि माझे ते भाकीत मला अजून ऐकवले जाते.

गौरव समितीने लेख मागताना 'मनापासून लिहा' असे बजावले आहे. मी परिचारिका. जन्मभर केसपेपर लिहिले, कौतुक कधी लिहिले नाही. तेव्हा हा लेखही थोडा केसपेपरसारखाच होईल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन बाई आली की तिची वैद्यकीय तपासणी होते. अंगावरचे आणि कपड्यांवरचे नमुने घेऊन, मोहोरबंद करून ते पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. यासाठी तिच्याकडून काही घ्यायचे नाही असा नियम आहे. नियम आमच्याकडेही होता, साहित्य नव्हते. म्हणून बाईबरोबर आलेल्या माणसाला फाटकासमोरच्या मेडिकलमध्ये पाठवायची आमची जुनी पद्धत होती. तो बिचारा काउंटरवर उभा राहून काचपट्ट्या, निर्जंतुक कापूस, पाकिटे मागत असे. दुकानात थांबलेली चार माणसे ही मागणी बरोबर ओळखत. बाई घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचलेली असे. खर्च फारसा नव्हता, पण तो कुठे उभे राहून करावा लागतो, याचा विचार आमच्यापैकी कोणी केलाच नव्हता.

मॅडमनी आल्या आल्या मला विचारले, "सिस्टर, बाळंतिणीच्या टाक्यांचा दोरा आपण बाहेरून आणायला लावतो का?"

"नाही."

"मग हे का?"

त्या दिवसापासून मेडिकलची वारी बंद झाली. रुग्णालयाचाच कापूस, आमच्याच प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या असे करून आम्ही वेळ मारून नेऊ लागलो. जिल्ह्याच्या प्रत्येक बैठकीत मॅडम तपासणीच्या तयार पेट्यांसाठी पैसे मागत. विषय डेंग्यूचा असो की लसीकरणाचा, शेवटी 'आणखी एक' म्हणून त्या उभ्या राहिल्या की वरिष्ठ घड्याळाकडे बघू लागत. अखेर निधी मंजूर झाला. मंजुरी आणि माल यांत आपल्याकडे किती अंतर असते, ते सांगायला नको.

त्या मधल्या काळात एक आबा आले. त्यांचे नाव लिहीत नाही. मोठे बागाईतदार, साखर कारखान्याच्या निवडणुकीत एका पॅनेलचे पुढारी आणि माणूस खरोखर दिलदार. आमच्याकडची बाके, पंखे, पाण्याची टाकी, सगळ्यांवर त्यांच्या वडिलांचे नाव रंगवलेले आहे. त्यांनी तपासणीच्या पेट्याही देऊ केल्या. नारळ, फोटो, बॅनर सगळे ठरले. आम्ही खूश. मॅडम म्हणाल्या, "आबा, ह्या पेट्या नकोत."

"का वं मॅडम? आमचा पैसा काय चोरीचा हाय का?"

"पैसा चांगलाच आहे. पण ही पेटी कोर्टात जाते. आरोपी तुमच्या विरोधी पॅनेलचा निघाला, तर त्याचा वकील म्हणेल, पुरावाच राजकारणाच्या पैशातून आला. आणि तुमच्या पॅनेलचा निघाला, तर तुमचं नाव वाचून ती बाईच गप्प बसेल."

"मग नाव न्हाय टाकत. झालं?"

"नाव नसलं तरी गावाला माहीत असतंच की. आबा, हे सरकारचं काम आहे, ते सरकारी खर्चानेच झालं पाहिजे. तुम्ही आमच्यासाठी सरकारशी भांडा."

"बाई लई कडक हाय," एवढे बोलून आबा उठून गेले. त्या उन्हाळ्यात बंद पडलेल्या पंख्यांकडे त्यांनी पाहिले नाही. आम्ही पदराने वारा घेत मॅडमना मनातल्या मनात बोल लावत होतो. पुढे सरकारकडूनच पेट्या आल्या. आबांनी मुंबईत शब्द टाकला होता की काय, कोण जाणे. विचारले तर म्हणतात, "आमी कशाला मधी पडू?"

तपासणी झाली की बाईचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतात. मग तिने घरी काय नेसून जायचे? मॅडमनी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून नव्या साड्यांची तरतूद करून घेतली. आमच्या लिपिकाने घाऊक दरात एकसारख्या हिरव्या साड्यांचा गठ्ठाच आणला आणि बचत केली म्हणून मिरवला. पण एकदा सुप्याच्या बाजारात अशी साडी नेसलेल्या बाईला कोणीतरी भर गर्दीत विचारले, "ही दवाखान्यातली साडी नव्हं?" हे कानावर येताच मॅडमनी उरलेल्या साड्यांचे वॉर्डात पडदे करायला लावले, आणि स्वतः बारामतीच्या पेठेत जाऊन एकीसारखी दुसरी नाही अशा साड्या निवडल्या. लेखापरीक्षकाने आक्षेप काढला, की खरेदी एकाच प्रकारची का नाही? मॅडमनी त्यांना चहा दिला आणि कारण सांगितले. ते गृहस्थ चहा तसाच ठेवून, आक्षेप मागे घेऊन गेले.

आता ज्या बाईविषयी सांगायचे, तिचे नाव-गाव छापणे कायद्याने गुन्हा आहे. नसता तरी मी लिहिले नसते. बरोबर तिची चुलत सासू होती. ती सारखी म्हणत होती, "आंगूळ घालून आणायची हुती वं, पर ही ऐकंचना." आमच्याकडे असेच होते. घरच्या बायका मायेपोटी तिला न्हाऊ घालतात, लुगडे धुऊन वाळत घालतात, आणि पुरावा मोरीत वाहून जातो. मॅडम म्हातारीला रागावल्या नाहीत. "तशीच आणलीत, फार चांगलं केलंत," म्हणाल्या. म्हातारी शांत झाली. मग मॅडमनी त्या बाईला एकेक गोष्ट समजावली, प्रत्येक वेळी तिला विचारले आणि ती नको म्हणाली तिथे थांबल्या. बाहेर पोलिसांची घाई चालली होती. मॅडम दारात येऊन "थांबा" म्हणाल्या, तेही थांबले. घरी जाताना बाईने जांभळी साडी निवडली.

नमुने पुण्याला गेले आणि तिथे पडून राहिले. प्रयोगशाळेत नमुने उदंड आणि तपासणारे थोडे. तिथेही पैसा लागतो, आणि तो कुठेतरी अडतो. मॅडम फोन करत राहिल्या. अखेर अहवाल आला, आणि तो बाईच्या सांगण्याशी जुळला. खटला बारामतीच्या न्यायालयात उभा राहिला. आरोपी आबांच्या विरोधी पॅनेलमधला. मी मागच्या बाकावर होते. मॅडमची साक्ष झाली, उलटतपासणी सुरू झाली, आणि त्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, "ही पेटी कोणाकडून आली होती?"

"शासनाकडून," मॅडम म्हणाल्या.

वकिलांनी पुढचा प्रश्न काढला. मला मात्र मॅडमनी आबांना दिलेले उत्तर आठवले. मॅडमना मी तोवर हट्टी समजत होते. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो इथे लिहून ठेवते.

उलटतपासणी अर्धी झाली आणि तारीख पडली. पुढे कधी वकील नाहीत, कधी न्यायाधीशांची बदली. मॅडम निवृत्त झाल्या, तरी समन्स आले की जातात. आरोपी जामिनावर आहे, गावात हिंडतो. ती बाईही प्रत्येक तारखेला येते.

गेल्या वर्षी मॅडमच्या हृदयावर अँजिओप्लास्टी झाली. मी भेटायला गेले तेव्हा ती बाई पेरूची पिशवी घेऊन कॉटशेजारी उभी होती. बस म्हटले तरी बसेना. शेवटी म्हणाली, "मॅडम, साक्ष पुरी झाल्याबिगर कुठं जायचं न्हाय. माझं खरं हाय, ह्ये तुमीच बघितलंय."

मॅडमनी मान हलवली आणि तिच्यासमोरच गोळी घेतली.

समितीने लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायला सांगितले आहे. मला त्या बाईपेक्षा नेमके सुचत नाही. मॅडम, तुम्ही ठणठणीत राहा, पुढच्या तारखेला आणि तिच्या पुढच्याही. तुमची साक्ष पुरी होवो. आणि ती झाल्यावरही खूप वर्षे जगा, कोणाला काहीही सिद्ध करून न देता, नुसत्या सुखाने.