जावईबापू जेवत नाहीत

ती प्रयोगशाळेत रक्त घेण्याचं काम करायची. बावीस वर्षं. तान्ह्या बाळाची केसाएवढी शीरही तिला पहिल्या टोचणीत सापडे. सुई धरलेला तिचा हात तसूभरही हलत नसे. कुणाला शीर मिळाली नाही की हाक तिलाच, "ताई, जरा येता का?"

तिच्याकडे धाकट्या भावानं आपला अ‍ॅक्सोलॉटल सोपवला आणि तो जहाजावर नोकरीला गेला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार पायांचा पाण्यातला जीव. जन्मभर पोरच राहणारा. मानेच्या दोन्ही बाजूंना रक्तानं लाल, पिसांसारखे कल्ले. पहिल्या दिवशी ती काचेच्या टाकीसमोर बसली ती उठेचना. इतकी वर्षं कातडीखाली जे चाचपत आली, ते इथं उघड्यावर, पाण्यात डुलत होतं.

भावानं त्याला अंड्यापासून वाढवलं होतं आणि पार लाडावून ठेवलं होतं. गोठवलेल्या लाल अळ्यांखेरीज तो कशालाही तोंड लावत नसे. नवऱ्यानं लगेच नाव ठेवलं, जावईबापू.

तीन महिन्यांत जावईबापूंचं पोट खपाटीला गेलं. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "नुसत्या अळ्यांवर हा टिकायचा नाही. गांडुळं द्या, खाद्याच्या गोळ्या द्या. आणि लवकर सवय लावा."

फोनवर भाऊ विचारी, "ताई, जेवतो ना गं?"

"मजेत आहे," ती म्हणे, आणि विषय बदले.

तिनं गांडूळ स्वच्छ धुतलं, तुकडे केले, जावईबापूंना दोन दिवस उपाशी ठेवलं, मग चिमट्यात तुकडा धरून नाकासमोर नेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात दगडासारखा. त्यानं तोंड फिरवलं. पुढचे आठ-दहा दिवस हेच. मणक्याची रेघ वरून दिसू लागली.

एका सकाळी, कामावर निघण्याआधी, ती पुन्हा टाकीवर वाकली. "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं," सवयीनं पुटपुटली.

दाढी करता करता नवरा म्हणाला, "अगं, तो खाईल कसा? त्याला वाटतंय, तू रक्त काढायला आलीयेस!"

तिला हसू फुटलं. खांदा हलला, हात हलला, चिमट्यातला तुकडा थरथरला. आणि तुकडा नव्हता. जबडा कधी उघडला, कधी मिटला, काही दिसलं नाही. नुसतं पाणी उरलं होतं.

ती तशीच उभी राहिली. त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं. हलेल तेवढंच त्याचं जग. अळ्या निदान डुलत खाली येत, म्हणून त्या दिसत. स्थिर ते सगळं सारखंच: दगड, काच, ती.

पण मुद्दाम थरथरायला हात तयार होईना. बावीस वर्षांची शिस्त मोडायला तिला आठवडा लागला. मग गोळ्या, अळ्यांच्या पाण्यात भिजवून. दोनदा थुंकल्या, तिसऱ्यांदा पोटात गेल्या. हळूहळू पोट भरून आलं.

जहाज बंदराला लागलं तेव्हा भावाचा व्हिडिओ कॉल आला.

"मी खोटं बोलत होते," ती म्हणाली. "तो जेवतच नव्हता नीट. मरायला टेकला होता."

भाऊ स्क्रीनजवळ सरकला. "आणि आता?"

तिनं फोन टाकीला टेकवून ठेवला, चिमट्यात गांडूळ धरलं, हात सैल सोडला. पाणी हललं आणि मिटलं.

 भाऊ हलकेच म्हणाला, "ताई, परत एकदा."