मे महिन्यातल्या कढया

कुर्ल्याच्या टर्मिनसवर गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते, आणि माझ्या ब्लाऊजची पाठ भिजून चिकटली होती. दादा मात्र खुशीत होता. त्याच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा. मुंबईची आमंत्रणं फोनवर द्यायची म्हणजे माणसांचा अपमान, असं त्याचं ठाम मत. त्याचं वय चौसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. गेल्या महिन्यात कुडाळला भर अंगणात चक्कर येऊन बसला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: उन्हाळा संपेपर्यंत तळलेलं, तिखटजाळ, लोणचं, सुकी मासळी बंद; चहा दिवसाला दोनदाच; पाणी मात्र भरपूर. त्याच्यावर नजर ठेवायला वहिनीने मला सोबत धाडलं. शाळेत चाळीस पोरं सांभाळते म्हणून हाही सांभाळला जाईल, असं तिला वाटलं असावं.

पहिलं घर घाटकोपरला, मावसभावाचं. चौथा मजला, लिफ्ट बंद. धापा टाकत बसतो न बसतो तोच कांदाभजी आली, मागून मिरचीची भजी, मागून कपभर चहा.

“दादाला तळलेलं चालत नाही,” मी म्हणाले.

“अगं, दोन भज्यांनी काय वाट लागणार आहे?” मावसभाऊ म्हणाला. “एवढ्या उन्हातून आलात ना!”

एवढ्या उन्हातून आलोय, म्हणूनच तर नको! पण हे मी कोणाला सांगणार? दादाने सात भजी खाल्ली. मी मोजली. खाली उतरताना मी भडकले, तर म्हणतो, “तेंका वायट वाटात गो.” (त्यांना वाईट वाटेल.)

दुपारी मुलुंडला, दादाच्या जुन्या कारखान्यातल्या मित्राकडे. तिथे कोंबडी-वडे, सुकटाची चटणी, कैरीचं लोणचं. मी डॉक्टरांची मनाईची यादी म्हटली. मित्राने हसून सोलकढीचं भांडं पुढे सरकवलं. “ही घेतली की सगळं थंड. खा रे तू.” म्हणजे वर सोलकढी ओतली की खालच्या सहा वड्यांचं तेल नाहीसं होतं! दादाने मान डोलावली आणि सातवा वडा घेतला. मुक्काम तिथेच होता. सकाळी निघताना लाल तर्रीची मिसळ समोर आली, तेव्हा मी काही बोललेच नाही. थकले होते.

शेवटचं घर बोरिवलीला, काकीचं. अकराच्या उन्हात रिक्षा केली. पवई मागे टाकून आरे कॉलनीत शिरलो तसा रस्त्यावर झाडांचा काळोख आला. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत दादा माझ्या खांद्यावर कलला. अंग गरम, ओठ कोरडे. “थांबव,” एवढंच म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकला. उठायला गेला, तर पाय लटपटले.

बसथांब्यावर पाड्यावरची एक बाई भाजीची पाटी घेऊन बसली होती. काही न विचारता उठली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून तिने ते दादाच्या डोक्यावर ठेवलं.

“काय खाल्लं यांनी?”

“मिसळ.”

“या दिवसांत?” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो रस्सा रांधला होता. “घोट घोट पाणी द्या. आणि डॉक्टरकडे न्या, बसून राहू नका.”

रिक्षावाल्याने गोरेगावच्या एका दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. अजून उशीर झाला असता तर? लग्नघरी काय घेऊन गेले असते मी?

“एकदा तरी नको म्हणता येत नाही तुला?” मी दादावर ओरडलेच. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकला.

दादा छताकडे बघत म्हणाला, “बोरिवलीच्या काकीकडे मी पाच वर्षं राहिलो, तेव्हा ती लालबागच्या खोलीत होती. नऊ माणसं होती. काका गिरणीत. मला वाढून झाल्यावर टोपात उरेल ते काकी खायची. कधी उरायचंच नाही. तिने वाढलेलं नको कसं म्हणू?”

 माझा राग तरीही गेला नाही.

ऊन कलल्यावर बोरिवलीला पोचलो. मुलगा-सून कामावर, काकी एकटीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळलेली, पदर खोचलेला. स्वयंपाकघरातून तापल्या तेलाचा वास. गॅसची ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद. ओट्यावर पुऱ्यांचं पीठ, कढईत तेल.

चपलाही न काढता मी दारातून म्हणाले, “काकी, रागावू नका. दादा दवाखान्यातून आलाय. त्याला यातलं काही चालणार नाही.”

दादाने डोळे मिटून घेतले. काकीने आत जाऊन गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसली.

“बरं झालं बोललीस गं. सकाळपासून दोनदा मोरीत जाऊन डोक्यावर पाणी घेतलं मी. पण इतक्या वर्षांनी पोर येतंय, त्याला काय नुसता भात वाढू?”

“नुसता भातच वाढा,” मी म्हणाले.

दही-भात, काकडी, माठातलं पाणी. मी तीन ताटं घेतली. काकी उभीच होती. दादाने घास हातात धरला आणि म्हणाला, “काकी, तू बस. तू बसल्याशिवाय मी जेवत नाही.” ती बसली. पाहुण्यांबरोबर जेवायची सवय नसावी. आधी खाली मान घालून भराभर जेवली, मग हळूहळू लग्नाचं विचारू लागली.

परतीच्या गाडीत दादा झोपला आणि मी खिडकीशी बसून धुमसत राहिले. दोन दिवस मी दादावर आणि यजमानांवर चिडले होते. घाटकोपरच्या त्या चौथ्या मजल्यावर भजी कोण तळत होतं? मुलुंडला सहा माणसांचे वडे कोणी थापले? तळणाऱ्या त्या दोघींचे चेहरे मला आठवेनात. आणि माझ्या घरी मे महिन्यात पाहुणे आले, की मी तरी काय करते? कढई चढवते, चिडचिडते, हसून वाढते, आणि कोणी नको म्हटलं की गाल फुगवते.

गेल्या रविवारी शाळेतल्या दोघी शिक्षिका आल्या. मी कोकम सरबत आणि कलिंगडाच्या फोडी ठेवल्या. गप्पांमध्ये एकीने दोनदा स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मी जागची उठले नाही.