रिकाम्या खोलीची शांतता

माझ्या स्टुडिओतलं जुनं व्हॉल्व्हचं यंत्र चालू केलं की आधी तापू द्यावं लागतं. जाळीमागच्या काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी होतात. मोठा आवाज ते दाबतं आणि बारीक आवाज वर काढतं, एवढंच त्याचं काम.

गाण्याआधी सगळ्यांना बाहेर काढून मी रिकाम्या खोलीची थोडी शांतता रेकॉर्ड करून ठेवतो. दोन ओळींमध्ये जोडायला ती लागते. काल दुपारी सुमनताईंच्या शेवटच्या गाण्याचं मिक्सिंग करताना त्या गाण्याआधी घेतलेली ती शांतता मी यंत्रातून सोडली. ताई आता नाहीत. त्यांचे यजमान अप्पा माझ्यामागे बसले होते. आधी खोलीची बारीक घरघर वर आली, मग तिच्याखालून एक श्वास. गाणं उचलण्यापूर्वी घेतात तसा, छाती भरून.

"ही सुमन," अप्पा म्हणाले. "पण तेव्हा ती आपल्यासोबत बाहेर चहा पीत होती ना?"

होत्या. साखर जास्त झाली म्हणून कुरकुरत होत्या.

मी बटण मागे फिरवलं. श्वास हळूहळू शांततेत बुडाला. आत कोणी नाही असं धरून आपण किती खोल्यांची दारं ओढून घेतो.

"राहू द्या तो," अप्पा म्हणाले.

राहू दिला. आज नव्या गायकासाठी शांतता घ्यायची होती. सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि रिकाम्या खोलीचं दार लावताना माझ्या तोंडून आपसूक निघालं, "येतो."